एक कडेवर, एक बोटाला: लेकरांना घेऊन इमॅजिकाला जाताना

तिकीट काढायच्या आधी एक काम करा. पोराला नेहमीचे बूट घालून दाराच्या चौकटीला पाठ टेकून उभं करा, डोक्यावर वही आडवी धरा, पेन्सिलीने रेघ मारा आणि टेपने मोजा. थीम पार्कात हा आकडा पोराच्या वयापेक्षा, हुशारीपेक्षा आणि हट्टापेक्षाही जास्त चालतो. तिकीट लहान मुलाचं की मोठ्याचं, की अजिबात लागतच नाही, हे इमॅजिकात उंचीवर ठरतं. कुठल्या राइडमध्ये बसायचं हेही उंचीवरच. पार्कच्या वेबसाइटवर प्रत्येक राइडची किमान उंची दिलेली असते. ती आणि तुमची रेघ शेजारी ठेवून ‘ह्यात बसायचं, ह्यात पुढच्या वर्षी’ अशी यादी घरीच करा आणि पोराला घरीच सांगा. रडायचं ते रडणं घरच्या सोफ्यावर झालेलं बरं.

आम्ही पहिल्यांदा हे न करता गेलो होतो. थोरला तेव्हा साडेचार वर्षांचा. पंचवीस मिनिटं रांगेत उभं राहून पोचलो, तर मोजपट्टीला दोन बोटं कमी. त्याने गुपचूप टाचा उचललेल्या, ते तिथल्या मुलीच्या लक्षात आलं, ती हसली आणि तिने हळूच त्याच्या खांद्यावर हात ठेवला. टाचा खाली आल्या आणि पुढची दहा मिनिटं काय झालं ते सांगत नाही. चूक सगळी आमची, पाटी रांगेच्या तोंडाशीच होती.

अशा वेळी कृपा करून हुज्जत घालू नका. ‘अहो, दोन बोटांनी काय होतंय, मी धरून बसतो ना’ म्हणणारा एक बाबा प्रत्येक रांगेत असतो. मांडीवर येणारा तो दांडा किंवा खांद्यावरून उतरणारं ते जाड कवच ठरावीक मापाच्या अंगासाठी बनवलेलं असतं. अंग लहान असेल तर मधे फट राहते आणि झटक्यासरशी मूल त्या फटीतून निसटू शकतं. वेगात असलेल्या गाडीत आईबापाच्या हाताच्या पकडीला काही अर्थ नसतो.

न्यावं का, हा पहिला प्रश्न

आमच्या लहानपणी थीम पार्क म्हणजे एस्सेलवर्ल्ड, १९८९ साली सुरू झालेलं, खाडीपलीकडे गोराईला बोटीतून जायचं. इमॅजिका २०१३ मध्ये आलं, खोपोली-पाली रस्त्यावर सांगडेवाडीला. मुंबई-ठाणे-पुण्याकडून ‘एका दिवसात जाऊन येऊ’ म्हणता येतं, म्हणून तान्ह्या बाळासकट अख्खं घर निघतं.

माझं मत विचाराल तर सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर थांबा. त्या वयात वरचं पाणी द्यायचं नसतं, सनस्क्रीन लावायचं नसतं, मान धरलेली असली तरी पक्की झालेली नसते. म्हणजे आख्खा दिवस सावली शोधत आणि पाजत घालवायचा. मोठ्या भावंडासाठी जायचंच असेल तर तान्ह्याला आजीकडे किंवा आत्याकडे ठेवून जा. अंगावर पिणाऱ्याला दिवसभर ठेवता येत नसेल, तर आई आणि बाळ घरी, बाबा आणि थोरला पार्कात, असंही चालतं. त्यात कुणाचं काही बिघडत नाही.

सहा महिने ते दोन वर्षं हा काळ आईबापांना जड, पण निभतो. बाळाला राइडशी देणंघेणं नसतं. त्याला रंगीत झालर, बँडचा आवाज आणि दुसऱ्याच्या हातातला फुगा पुरतो. खरी मजा तीन ते सात वर्षांच्या मुलांची. मात्र याच वयात अंधाराची आणि मुखवट्यांची भीतीही सर्वात जास्त असते, त्याबद्दल पुढे.

दिवस कुठला आणि निघायचं कधी

शनिवार, रविवार, दिवाळीची सुट्टी आणि लागून आलेल्या सुट्ट्या टाळा. आठवड्याच्या मधला दिवस घ्या. बालवाडीची एक दांडी पडली म्हणून कुणाचं इंजिनिअरिंग हुकत नाही. डिसेंबर-जानेवारीत हवा सर्वात छान, पण शाळांच्या सहलींच्या बसही तेव्हाच येतात. तरी बाळ बरोबर असेल तर मी गर्दी पत्करेन, एप्रिल-मे नाही. घाटाच्या पायथ्याचा तो भाग, हवा कोकणातलीच, घाम वाळत नाही. पावसाळ्यात डोंगर असे हिरवे असतात की पाहत राहावं, पण प्रॅमची चाकं, ओली दुपटी आणि उघड्यावरच्या राइड पावसामुळे मधेच थांबणं, हे सगळं सोसायची तयारी हवी.

डोंबिवलीहून आम्ही शिळफाट्याच्या कोंडीच्या आधी, सात वाजता निघतो. पनवेलहून एक्स्प्रेस वे, खोपोलीला उतरून पालीच्या रस्त्याला लागायचं. मुंबईकडून येणाऱ्यांना बोरघाट चढावा लागत नाही, ही मोठी सोय. पुणेकरांना मात्र तो उतरून यावा लागतो. ज्या मुलांना गाडी लागते त्यांना निघताना पोटभर दूध देऊ नका. कोरडी पोळी किंवा खाकरा द्या, मोबाइल हातात देऊ नका, खिडकीतून लांबचे डोंगर बघायला सांगा आणि एक प्लॅस्टिकची पिशवी हाताशी उघडून ठेवा. दोन वर्षांच्या आतल्या बाळांना गाडी सहसा लागत नाही, तो त्रास दोन ते बारा या वयातला.

बाळ मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसायचं नाही. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीट नसेल तर एक हजार रुपये दंड आहे. पण दंडाचं सोडा, एक्स्प्रेस वेवर ब्रेक लागला तर मांडीवरचं बाळ आधी समोर आदळतं. बाळाची सीट मागे, तोंड मागच्या काचेकडे.

लोकलने जायचं तर कर्जतच्या पुढे खोपोलीपर्यंत गाडी जाते, पण त्या फेऱ्या कमी. तिथून पुढे रिक्षा किंवा टॅक्सी. एक मूल असेल तर ठीक, दोन मुलं, प्रॅम आणि पिशव्या घेऊन परतीच्या गर्दीत हे जमणं अवघड.

माणसं मोजा, मुलं नंतर मोजा

जितकी मुलं, निदान तितकी मोठी माणसं. शक्य असेल तर एक जास्त. आमच्याबरोबर सासूबाई आणि नणंदेची सात वर्षांची मुलगी होती. सासूबाईंनी आल्या आल्या लहान मुलांच्या राइडजवळचा सावलीतला एक बाक धरला आणि जाहीर केलं, ‘मी आता इथून हलत नाही.’ तेवढ्या एका वाक्याने आमचा दिवस सोपा झाला. पिशव्या तिथे, पाजणं तिथे, हरवलो तर भेटायचं तिथे.

मोठ्या माणसांनाही नायट्रो या मोठ्या रोलर कोस्टरमध्ये बसायचं असतं, लाजायचं कारण नाही. दोन पालक असतील तर पाळी लावा: एक रांगेत, दुसरा मुलांजवळ, मग अदलाबदल. दोनदा रांग लावायला लागू नये यासाठी काही सोय आहे का, हे राइडच्या तोंडाशी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला नम्रपणे विचारून ठेवावं. गर्दीच्या दिवशी लवकर आत सोडणारं महागडं एक्स्प्रेस तिकीट मिळतं, पण बाळवाल्यांनी त्यात पैसे घालू नयेत. तुमच्या राइडच चार होणार असतात.

पिशवी

दर तीन तासांना एक डायपर असा हिशेब करा आणि वर दोन टाका. बाळाचे कपड्यांचे तीन जोड, थोरल्याचे दोन, आणि आईचा एक कुर्ता. हा शेवटचा सगळे विसरतात. मीही विसरले होते, आणि धाकटीने नेमका त्याच दिवशी रांगेत डायपरच्या कडेने, पाठीवरून थेट मानेपर्यंत असा पराक्रम केला, माझ्या पोटावर छापा उमटवून. बदलायचा कुर्ता गाडीत, गाडी पार्किंगच्या दुसऱ्या टोकाला. चार वाजेपर्यंत ओढणी पोटावरून गुंडाळून हिंडले. तेव्हापासून माझा कुर्ता पिशवीत सर्वात वर असतो.

बाकी: दोन सुती दुपटी (अंथरायला, पांघरायला, आडोशाला, पुसायला), ओल्या टिश्यूचं पाकीट, घाण कपड्यांना घट्ट बंद होणाऱ्या पिशव्या, टोपी, ओआरएसची पाकिटं, तापाचं नेहमीचं औषध आणि त्याचा मापाचा चमचा, थर्मासमध्ये उकळलेलं पाणी. वरचं दूध देत असाल तर पावडर डबीत कोरडी न्या आणि ऐनवेळी कालवा. पाणी कालवताना चांगलं कढत हवं, सत्तर अंशांच्या खाली नको, म्हणून थर्मास चांगला हवा. मग बाटली नळाखाली धरून कोमट करा. कालवलेलं दूध दोन तासांत संपवा, उरलेलं ओता. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यातच घालायचं, ‘अर्धं पाकीट ग्लासभर’ असला अंदाज नको, प्रमाण चुकलं की उपयोगाऐवजी अपाय होतो.

प्रॅम की पट्ट्याची झोळी? दोन्ही. प्रॅम रांगेत नेता येत नाही, बाहेर ठेवावी लागते, पण दुपारची झोप तिच्यातच होते. झोळीत बाळ अंगाशी असतं, हात मोकळे राहतात, उन्हाळ्यात मात्र दोघांचा घाम एक होतो. आणि एक: प्रॅमवर ऊन लागू नये म्हणून जाड चादर टाकून पुढून बंद करू नका. आत भट्टी होते. हवा खेळती राहील असा आडोसा करा. प्रॅमच्या दांड्याला भडक रंगाची ओढणी बांधा, संध्याकाळी एकसारख्या प्रॅमच्या गर्दीत आपली शोधायला बरी पडते.

आत गेल्यावर

गेटवर लगेच राइडकडे पळू नका. आधी नकाशा घ्या आणि तीन गोष्टी विचारा: बाळाला पाजायची-बदलायची खोली कुठे, प्रथमोपचार कुठे, पार्कातली संध्याकाळची मिरवणूक (परेड) किती वाजता. मग मुलांना शूला न्या. ‘लागली नाहीये’ म्हणणाऱ्यालाही.

पहिला दीड-दोन तास फक्त पोरांचा. टबी नावाचा हत्ती हा पार्कचा लाडका गडी, त्याच्या उडत्या हत्तींची राइड, हॅपी व्हील्सच्या छोट्या गाड्या, कपबशांचा चक्राकार खेळ, घोड्यांचा चक्री पाळणा, हे सगळं सकाळी रांग नसताना उरकतं. थोरली पोरं आणि कॉलेजवाले तेव्हा नायट्रो आणि स्क्रीम मशीनकडे धावलेले असतात. एकच राइड तीनदा मागितली तर तीनदा बसू द्या. आमचा थोरला हॅपी व्हील्समध्ये चार वेळा बसला. प्रत्येक वेळी गाडी थांबली की स्टिअरिंग धरून गंभीर चेहऱ्याने म्हणायचा, ‘पेट्रोल भरून येतो.’

इथेच बहुतेक घरांचा दिवस बिघडतो. एवढं महागडं तिकीट काढलंय तर सगळं बघूनच निघायचं, असं बाबांच्या डोक्यात बसलेलं असतं, आणि पेट्रोल भरणाऱ्या पोराला ओढत पुढे नेलं जातं. तिकीट वसूल करायचा नाद सोडा. चार वर्षांच्या मुलाच्या सहा राइड झाल्या की दिवस भरला.

बाळाला मांडीवर घेऊन कशात बसता येईल हे प्रत्येक ठिकाणी कर्मचाऱ्याला विचारा. हलक्या गोल फिरणाऱ्या पाळण्यात सहसा घेतात. झटके देणाऱ्या, आपटणाऱ्या कशातच एक वर्षाच्या आतलं बाळ नको, पाटीवर मनाई नसली तरी. बाळाचं डोकं अंगाच्या मानाने फार मोठं असतं, लांबीत जवळजवळ पाव हिस्सा, आणि त्याला तोलणारी मान अजून कच्ची.

राजासॉरसच्या बोटीची राइड मोठ्या मुलांना फार आवडते. त्यात भिजायला होतं, म्हणून कपडे बदलायच्या आधी ती करा, नंतर नाही. रांगेत मुलं कंटाळली तर एक खरी गोष्ट सांगा: राजासॉरस हा कुणी कल्पनेने काढलेला राक्षस नाही. गुजरातेत रहियोलीला त्याची हाडं सापडली आणि २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी नर्मदेच्या नावावरून त्याचं पूर्ण नाव राजासॉरस नर्मदेन्सिस ठेवलं. माझ्या भाचीने त्यावर विचारलं, ‘मग तो गुजराती बोलायचा?’ रांगेतली दहा मिनिटं त्यावर निघाली.

आता भीतीबद्दल. सलीमगढ ही घाबरवण्यासाठीच बांधलेली अंधारी राइड आहे, तिथे लहान मूल नेण्यात अर्थ नाही, हे कुणालाही कळतं. पण साध्या वाटणाऱ्या अंधाऱ्या राइडही तीन-चार वर्षांच्या मुलाला झोप उडवणाऱ्या ठरतात. दुसऱ्या एका शहरातल्या पार्कात मी थोरल्याला ‘काही नसतं रे, गंमत असते’ म्हणत अंधारात नेलं. नंतर पंधरा दिवस तो रात्री दिवा मालवू देत नव्हता. म्हणून आता नियम असा: आधी एक मोठा माणूस जाऊन बघून येणार, मग मुलाला खरं सांगणार, ‘आत अंधार आहे, मोठा आवाज होतो, मधे एक राक्षस येतो, तो प्लॅस्टिकचा आहे.’ एवढं सांगूनही ‘नको’ म्हणाला तर नको. बाबांनी ‘मुलगा असून घाबरतोस?’ हे वाक्य घरी ठेवून यायचं. मोठ्या आवाजाच्या खेळांना बाळाला अजिबात नेऊ नका, नाहीतर कान झाकणारे मोठे हेडफोन घाला. कापसाचे बोळे नकोत.

बारा ते चार उन्हात राहायचं नाही. मिस्टर इंडिया, आय फॉर इंडिया अशा आतल्या, थंड जागा याच वेळेसाठी राखा, उंचीची पाटी बघूनच. बाळाला एसी असलेल्या खाण्याच्या जागेत कोपरा पकडून झोपवा आणि एका मोठ्या माणसाने तिथेच बसायचं. पार्कला लागून हॉटेलही आहे. ज्यांना परवडतं त्यांनी एक रात्र राहावं, दुपारी खोलीवर जाऊन झोपून पुन्हा यावं. दोन मुलांच्या आईला खऱ्या अर्थाने उपयोगी पडणारी चैन तेवढी एकच. आमचं तिथे जमलं नाही, आम्ही बाक आणि दुपट्यावर भागवलं.

बाळ नेहमीपेक्षा सुस्त वाटलं, अंग तापलं, दूध ओढेना, किंवा सहा तासांत डायपर ओलंच झालं नाही, तर तडक प्रथमोपचार केंद्र गाठा. ‘झोप आली असेल’ म्हणून वाट बघायची नाही.

खाणं

बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, पण बाळाचं खाणं नेता येतं. नाचणीचं सत्त्व, मऊ भाताचा डबा, केळी हे वेगळ्या छोट्या पिशवीत ठेवा, म्हणजे गेटवर सगळी बॅग उपसावी लागत नाही. बाकीच्यांसाठी आमची पद्धत जुनीच: पार्किंगमध्ये गाडीची डिकी उघडायची, वर्तमानपत्र पसरायचं आणि थालीपीठ, दही, चटणी पोटभर खाऊन मगच आत जायचं. मग दुपारी एक जेवण विकत घेतलं की भागतं. तेही बारालाच घ्या, एक वाजता ट्रे धरून रांगेत उभं राहायला दोन्ही हात लागतात आणि कडेवर बाळ असतं. मुलांना आईस्क्रीम एकदाच, हे घरून ठरवून निघा.

हरवलं तर

गेटमधून आत शिरायच्या आधी प्रत्येक मुलाचा उभा फोटो काढा, त्या दिवशीच्या कपड्यांत. घाबरल्यावर शर्टाचा रंग आईलाही आठवत नाही. मनगटाच्या आतल्या बाजूला बॉलपेनने आपला नंबर लिहा, पाण्याच्या राइडनंतर पुन्हा गिरवा. नाव मोठ्या अक्षरात कपड्यावर लिहू नका, कुणीही नावाने हाक मारू शकतो. मुलाला एवढंच शिकवा: ‘आई दिसेनाशी झाली तर पळायचं नाही, जिथे आहेस तिथेच उभं राहायचं आणि पार्कचे कपडे घातलेल्या ताईला किंवा दादाला सांगायचं.’ घरी दोनदा खेळात करून घ्या. भाचीने आईचं पूर्ण नाव विचारल्यावर ‘मम्मी’ सांगितलं होतं, तेही सुधारून घ्या.

वॉटर पार्क आणि बर्फ

वॉटर पार्क आणि स्नो पार्क शेजारीच आहेत, तिकीट वेगळं. बाळ असेल तर एका दिवशी एकच. पाण्यात साधं डायपर घालू नका. त्याच्या आतली भुकटी पाणी पिऊन फुगते, पाच मिनिटांत बाळाच्या कमरेला उशी बांधल्यासारखं होतं आणि शिवण उसवली तर पांढरा चिकट लगदा सगळीकडे होतो. पाण्यासाठीचं वेगळं डायपर मिळतं. ते शू थांबवत नाही, शी तेवढी धरतं. पाण्यात सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचेच लागतात. ते घरून न्या. बाळ घोटाभर पाण्यात, तेही हाताच्या अंतरावर, आणि ओठ निळसर दिसले की लगेच बाहेर. बर्फाच्या पार्कात बाळाला मी नेणार नाही. एवढ्याशा अंगातली ऊब फार लवकर निघून जाते.

निघताना

मिरवणूक बघून निघायची इच्छा असेल तर बाकीचं सगळं आधीच आवरून ठेवा. गाडीपाशी आलात की सुरू करायच्या आधी तिन्ही मुलांना रात्रीचे कपडे घाला, तोंड पुसा, डायपर बदला, पाजा. घरी पोचल्यावर झोपलेलं मूल तसंच उचलून गादीवर ठेवता येतं. चालवणाऱ्याने खोपोलीतच चहा घ्यावा, रविवारची संध्याकाळ असेल तर पुढे कुठे थांबायला मिळेल याचा भरवसा नाही. आणि कितीही दमलात तरी ओल्या कपड्यांची पिशवी त्याच रात्री डिकीतून काढा. आमची तीन दिवस राहिली होती, त्या वासाने गाडी आठवडाभर काचा उघड्या ठेवून चालवली.